अनियंत्रित ताण, सेरोटोनिन आणि सत्त्वावजय

'काहीही केले तरी उपयोग नाही' असे म्हणणारे रुग्ण आपल्या सर्वांकडे येतात. या असहायतेचा मेंदूतील सेरोटोनिनशी असलेला संबंध येथे संक्षेपाने पाहू.

प्रयोग : १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन व मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. विजेचा धक्का स्वतः थांबविता येणारे कुत्रे पुढेही सुटका करून घेत. तेवढेच धक्के बसलेले, पण ते थांबविण्याचा उपाय हाती नसलेले अनेक कुत्रे वाट मोकळी असूनही निमूट पडून राहत. ताणाची मात्रा समान होती. भेद केवळ नियंत्रणाचा होता.

कार्यपद्धती : पुढे मायर यांच्या गटाने उंदरांत याचे कारण शोधले. अनियंत्रित ताणात ब्रेनस्टेममधील डॉर्सल राफे या केंद्रातील सेरोटोनिन पेशी अतिशय उत्तेजित होतात. त्यांना आवर घालणारे ५-एचटी १ए स्वग्राही काही दिवस मंद पडतात. त्यामुळे पुढील किरकोळ ताणातही सेरोटोनिन अधिक स्रवते. भय वाढते व सुटकेचा प्रयत्न खुंटतो. ताण आवरता येतो असे जाणवल्यास मेंदूचा पुढील भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, राफेला लगाम घालतो. हा भाग औषधाने निष्क्रिय केला असता नियंत्रण हाती असलेले उंदीरही असहाय वागले, असे २००५ मध्ये दिसून आले. म्हणूनच २०१६ मध्ये मायर व सेलिगमन यांनी आपले मूळ मत बदलले : निष्क्रियता ही दीर्घ ताणावरील स्वाभाविक प्रतिक्रिया असून, शिकावे लागते ते नियंत्रण.

चिकित्सेतील उपयोग : येथे सेरोटोनिन 'कमी' होत नसून काही ठिकाणी अधिक स्रवते, हे ध्यानात घ्यावे. म्हणून 'सेरोटोनिन वाढविणारे' एवढ्याच दाव्यावर कोणतेही औषध देणे वा विकणे युक्त नव्हे. हे निष्कर्ष प्राण्यांवरील आहेत; ते रुग्णास जसेच्या तसे लावू नयेत.

तथापि चरकाचार्यांनी विषादास रोग वाढविणाऱ्या कारणांत अग्रस्थान दिले आहे व सत्त्वावजयास स्वतंत्र चिकित्सा मानले आहे. आमच्या मते रुग्णाच्या हाती रोज एक साध्य कृती द्यावी : निश्चित वेळी उठणे, स्वतः अभ्यंग करणे, ठरलेले अंतर चालणे. पथ्यही दोन पर्यायांतून त्यालाच निवडू द्यावे.

मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. आत्महत्येचा विचार आढळल्यास रुग्णास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.