*अद्रकीची बेणेप्रक्रिया: हिरवा त्रिकोण असला तरी गरोदर बाईने हात घालू नये*



फुलंब्री, खुलताबाद, कन्नड भागात अद्रक लागवडीची लगबग सुरू आहे. बेणं बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवायचं, सावलीत सुकवायचं आणि लावायचं, हे काम बहुतेक ठिकाणी घरच्या आणि मजूर बायाच करतात. तेही उघड्या हातांनी. म्हणून आजचा मेसेज.

*त्रिकोणाचा रंग काय सांगतो?*
कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेबच्या पुड्यावर हिरवा त्रिकोण दिसला की आपण ते साधं औषध समजतो. पण औषध पोटात गेलं किंवा अंगावर सांडलं तर लगेच किती विषारी, एवढंच तो रंग सांगतो. पोटातल्या बाळाचं काय होईल, हे त्यावरून कळत नाही.

*धोका कुठे आहे?*
कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशींचं विभाजन थांबवतं. पहिल्या दोन महिन्यांत बाळाच्या पेशीही झपाट्याने विभागत असतात. मेंदू, मणका, हृदय तेव्हाच घडतं. उंदरांवरच्या प्रयोगांत जास्त मात्रेने पिलांत व्यंग आढळलं. युरोपात ही दोन्ही औषधं गर्भाला अपाय करू शकणाऱ्या गटात आहेत आणि तिथे त्यांची मान्यता संपली आहे. आपल्याकडे ती सर्रास वापरली जातात.

पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांतच बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी बंद होते. तोवर कित्येकींना दिवस राहिल्याचं माहीतही नसतं. म्हणून "कळल्यावर थांबू" हे चालत नाही.

*काय करायचं?*
✅ दिवस राहिलेत, पाळी चुकली आहे किंवा मूल हवं आहे, अशा बाईला औषध कालवणं, बेणं बुडवणं, प्रक्रिया केलेलं बेणं लावणं ही कामं देऊ नका. दुसरं काम द्या, मजुरी कापू नका.
✅ बाकी सगळ्यांनी रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. पुडा फोडताना भुकटी उडते, वाऱ्याकडे पाठ ठेवा.
✅ फवारलेल्या रानात किमान 24 तास जाऊ नका. लेबलवर जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा पाळा.
✅ फवारणीचे कपडे ज्याचे त्याने वेगळे धुवावेत. गरोदर बायकोकडे टाकू नका. आंघोळ करूनच लेकरांना जवळ घ्या.
✅ द्रावणाची बादली, टोपलं पुन्हा घरात वापरू नका.
✅ परभणी कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स किंवा ट्रायकोडर्मा हाही पर्याय आहे. रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नका.

*आधीच हात लागला असेल तर?*
घाबरू नका. एकदा हात लागला म्हणजे बाळाला व्यंग येणारच असं नाही. साबणाने हात-अंग धुवा, पुड्याचा फोटो काढा आणि आशाताई किंवा डॉक्टरांना दाखवा. फॉलिक अॅसिडची गोळी त्यांच्या सल्ल्याने वेळेत सुरू करा. मळमळ, चक्कर, दम लागत असेल तर लगेच 108 ला फोन करा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गर्भाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका.

भाऊ, मोबाईल तुमच्या हातात असतो, बेणं मात्र घरच्या बाईच्या हातात. हा मेसेज आज घरी वाचून दाखवा आणि तुमच्या मुकादमालाही पाठवा.