भंडारदऱ्यात जागा भाड्याने घेताय? आधी सातबारा बघा!



काजवे आणि पावसाळ्यात भंडारदऱ्याला गर्दी होते. मग मनात येतं, "तलावाकाठी जागा घेऊ, चार तंबू टाकू." मालक ओळखीचा, व्यवहार शब्दावर. वाद सुरू होतो तो धंदा चालायला लागल्यावर! म्हणून तीन कामं आधी करा.

१. सातबारा बघा. अकोले तालुक्याच्या या भागात बरीच जमीन आदिवासी खातेदारांची आहे. ती बिगर-आदिवासीला नुसती भाडेपट्ट्याने घ्यायची, तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मुदत ५ वर्षांपेक्षा जास्त असेल, तर शासनाची मान्यताही. परवानगी नसेल तर नोटरीचा कागद तुम्हाला वाचवत नाही. हा कायदा मालकाची जमीन टिकावी म्हणून आहे, त्याच्यावर चिडू नका.

२. करार नोंदवा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. लेखी काहीच ठरलं नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ नुसार दुकान-तंबूसारखा भाडेपट्टा महिन्या-महिन्याचा धरला जातो आणि १५ दिवसांच्या नोटिशीवर संपतो. म्हणजे गुंतवणूक लाखांची, हक्क पंधरा दिवसांचा!

३. भाडं बँकेतून द्या, पावती घ्या. डिपॉझिट कधी परत मिळणार, वीज-पाणी कोणाकडे, तुम्ही बांधलेली शेड शेवटी कोणाची, हे करारात लिहा.

आजचा गृहपाठ: जागेचा गट नंबर मागा आणि महाभूलेखवर सातबारा काढा. ॲडव्हान्स त्यानंतरच!