वाहनाच्या बॅटरीची हमी आणि ग्राहकाचा हक्क

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचे बाजाराचे गाव. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने या भागातील शेतीचे रूप पालटले. ऊस आला, द्राक्षबागा आल्या आणि माल बाहेर नेण्यासाठी वाहनेही आली. गळीत हंगामात कारखान्याकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर, द्राक्षे नेणारे पिकअप टेम्पो, आषाढी-कार्तिकीला भाविकांची ने-आण करणाऱ्या जीपगाड्या आणि घरोघरच्या मोटारी यांची संख्या आज लक्षणीय आहे. या प्रत्येक वाहनात एक वस्तू अशी असते की, जी ठरावीक वर्षांनी नव्याने विकत घ्यावीच लागते. ती म्हणजे बॅटरी.

बॅटरीबरोबर हमीपत्र मिळते आणि वादाचे मूळही बहुधा त्या हमीपत्रातच असते. 'चार वर्षांची वॉरंटी' असे सांगून विकलेली बॅटरी दीड वर्षातच गाडी उचलेनाशी होते. ग्राहक दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "बॅटरी खराब नाही, नुसती उतरली आहे." काही दिवसांनी तो म्हणतो, "कंपनीकडे पाठवली आहे, उत्तर आले नाही." शेवटी पावतीवरील 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीवर बोट ठेवले जाते. उसाची खेप खोळंबलेला वाहनमालक नाइलाजाने पदरचे पैसे घालून दुसरी बॅटरी घेतो आणि तक्रार तेथेच विरते. असे का घडते व त्यावर कायद्याने कोणते उपाय दिले आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गावपातळीवर ज्यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात, त्या पंचायत सदस्यांना, ग्रामसेवकांना व शिक्षकांना या माहितीचा उपयोग व्हावा.

उतरलेली बॅटरी आणि सदोष बॅटरी

दुकानदाराचे 'बॅटरी उतरली आहे' हे उत्तर प्रत्येक वेळी खोटे असते असे नाही. म्हणून आधी यातील शास्त्र समजून घेणे इष्ट होय. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे व गंधकाम्ल यांवर चालणारी, पुन्हा पुन्हा भारित करता येणारी बॅटरी तयार केली. आजही बहुतेक वाहनांत सुधारित स्वरूपात तीच वापरली जाते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. पूर्ण भारित व काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. बॅटरी उतरत जाते तसतसे आम्लातील गंधकाचे संयुग शिशाच्या पट्ट्यांवर बसते आणि द्रावण पातळ होते. हा पातळपणा हायड्रोमीटर या साध्या उपकरणाने मोजता येतो. पूर्ण भारित अवस्थेत द्रावणाची घनता १.२६० ते १.२८० च्या दरम्यान असते.

आता मुख्य मुद्दा. सहाही कप्प्यांची घनता सारखीच कमी आली, तर बॅटरी बहुधा उतरलेली असते आणि भारित केल्यावर पूर्ववत होऊ शकते. परंतु पूर्ण भारित केल्यानंतरही पाच कप्पे व्यवस्थित आणि एकच कप्पा इतरांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून अधिक खाली आढळला, तर त्या कप्प्यात बिघाड आहे असे समजण्यास सबळ कारण मिळते. हाच तो दोष, ज्यासाठी हमी दिलेली असते. पाणी घालावे न लागणाऱ्या बंद बॅटरीत हायड्रोमीटर घालता येत नाही. तेथे दुकानातील विद्युत तपासणी यंत्राचा आधार घ्यावा लागतो. अशी पुष्कळ यंत्रे तपासणीची छापील चिठ्ठी देतात. ती मागून घ्यावी. दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या निष्कर्षापेक्षा त्या चिठ्ठीचे मोल किती तरी अधिक आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या हवामानाचाही येथे संबंध पोहोचतो. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, आणि इंजिनाजवळची उष्णता त्याहूनही अधिक असते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारणतः दुप्पट होतो. पट्ट्या गंजतात, पाणी उडते. त्यात ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उभा राहतो. न वापरलेली बॅटरी आपोआप उतरत जाते व तशीच राहिली तर पट्ट्यांवरील थर कठीण होऊन ती कायमची निकामी होते. हा वापरातील हलगर्जीपणा ठरतो आणि हमीपत्रे तो वगळतात. अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दाब देत नसेल, तर नवी बॅटरीही टिकणार नाही. हमीचा दावा करण्यापूर्वी तो तपासून घेणे ग्राहकाच्याच हिताचे आहे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी बॅटरीत ओतणाऱ्याला मात्र कोणताही कायदा वाचवू शकणार नाही.

हमीपत्रातील गणित

'अठ्ठेचाळीस महिन्यांची हमी' हे शब्द फसवे असू शकतात. पुष्कळदा त्यांतील पहिल्या काही महिन्यांतच बॅटरी विनामूल्य बदलून मिळते. उरलेल्या महिन्यांत, वापर जितका झाला त्या प्रमाणात किमतीत केवळ सवलत मिळते. ही सवलत छापील कमाल किमतीवर मोजली जाते, ही मेख फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

उदाहरणार्थ, छापील किंमत ८,००० रुपये असलेली बॅटरी ग्राहकाने बाजारात, जुनी बॅटरी देऊन, ६,२०० रुपयांना घेतली असे समजू. तिसाव्या महिन्यात ती बंद पडली आणि अटीप्रमाणे पंचवीस टक्के सवलत मिळाली, तर छापील किमतीच्या हिशेबाने नव्या बॅटरीचे ६,००० रुपये भरावे लागतात. बंद पडलेली बॅटरी कंपनीकडे जाते. तीच भंगार म्हणून देऊन बाजारभावाने नवी घेतली असती तरी जवळपास तेवढाच खर्च आला असता. म्हणजे दीड-दोन वर्षांची जी जादा हमी म्हणून मिरवली गेली, तिची खरी किंमत दोनशे रुपये! आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पण पद्धत सर्रास आढळते. खरेदीच्या वेळी 'एकूण किती महिने' असे न विचारता 'विनामूल्य बदलून किती महिने' असे विचारावे, ते याचसाठी.

आणखी दोन अटी बारीक अक्षरांत असतात. बदलून दिलेल्या बॅटरीला नव्याने पूर्ण हमी मिळत नाही. मूळ हमीचा शिल्लक काळच तिला लागू होतो. दुसरी अट वाहनाच्या प्रकाराची आहे. भाड्याने चालणाऱ्या वाहनांना बहुधा खासगी मोटारीपेक्षा कमी मुदतीची हमी असते. जीप भाड्याने चालते हे ठाऊक असूनही दुकानदाराने खासगी वाहनाच्या मुदतीचे पत्र भरून दिले, तर पुढे दावा नाकारला जाण्याची शक्यता राहते. तेव्हा वाहनाचा क्रमांक व वापर पत्रावर खरा लिहून घ्यावा. अलीकडे हमीची नोंदणी मोबाईलवरून होते. ती दुकानदाराने केली की नाही, हे तेथेच पाहावे. खरेदीचा पुरावा नसेल तर अनेक कंपन्या विक्रीची नव्हे तर उत्पादनाची तारीख धरतात, आणि बॅटरी दुकानाच्या फळीवर सहा महिने पडून असेल तर तेवढी हमी ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वीच सरलेली असते.

कायदा काय म्हणतो

ग्राहक चळवळीचा महाराष्ट्राला चांगला वारसा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, १९८६ साली आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे.

नव्या कायद्यातील 'अनुचित व्यापारी प्रथा' या संज्ञेची व्याख्या आपल्या विषयाला थेट भिडते. मालाची पावती न देणे ही अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत घेण्यास व त्याचे पैसे परत करण्यास नकार देणे, हीही अनुचित प्रथा आहे. पावतीत जी मुदत नमूद असेल त्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांत, हे करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारून सदोष मालाबाबतची ही जबाबदारी पुसता येत नाही. वास्तविक १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातही, ग्राहकाने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेला माल त्या गरजेस योग्य असावा, अशी गर्भित अट आहेच.

ट्रॅक्टर किंवा जीप हा व्यवसाय आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे, असा बचाव हमखास घेतला जातो. करकंबसारख्या गावी हाच प्रश्न कळीचा आहे. व्यापारी हेतूने घेतलेला माल कायद्याने वगळला आहे हे खरे. परंतु स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेला माल वगळलेला नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे स्पष्ट केले. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा मोटार घेणारा हा ग्राहक होय, आणि मदतीला एकदोन माणसे घेतल्याने त्याचा हा हक्क जात नाही. मात्र वाहन सर्वस्वी दुसऱ्याकरवी चालवून नफा मिळविणाऱ्याला हे संरक्षण नाही. पुढे २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात, पेरणीसाठी बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असा निर्णय झाला. स्वतःची शेती कसण्यासाठी ट्रॅक्टरला बॅटरी घेणाऱ्यालाही याच तर्काने आपला हक्क मांडता येईल.

येथे किरकोळ दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. निर्णय कंपनीचे प्रतिनिधी घेतात, बॅटरी नेण्या-आणण्याचा त्रास दुकानदाराला आणि शिव्याही त्यालाच. परंतु पैसे त्याने घेतले आहेत आणि हमीचा शब्द ग्राहकाला त्याच्याच तोंडून मिळाला आहे. म्हणून तक्रारीत विक्रेता व उत्पादक या दोघांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास जागा उरत नाही.

तक्रारीचा मार्ग

बॅटरी तपासणीसाठी दुकानात ठेवताना तिचा अनुक्रमांक, तारीख व तक्रारीचे स्वरूप लिहिलेली पोच घेतल्याशिवाय ती हातची सोडू नये. वाजवी मुदतीत उत्तर न आल्यास विक्रेता व उत्पादक यांना नोंदणीकृत टपालाने लेखी पत्र द्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदविता येते. पुष्कळ प्रकरणे याच टप्प्यावर मिटू शकतात.

तेथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पन्नास लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूंची प्रकरणे जिल्हा आयोगापुढे चालतात आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. २०१९ च्या कायद्याने केलेली एक सोय ग्रामीण ग्राहकाला फार मोलाची आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगापुढे दावा करता येतो. बॅटरी पुण्यात घेतली असली, तरी करकंबच्या रहिवाशाला सोलापूरच्या आयोगाकडे दाद मागता येईल. संगणकावरून तक्रार दाखल करण्याची 'ई-दाखिल' सुविधा २०२० साली सुरू झाली. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' ही नवी प्रणाली आली आहे.

प्रतिवादीला उत्तरासाठी तीस दिवस व फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. ही मुदत वाढवून मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठरविले. तपासणीची गरज नसलेले प्रकरण तीन महिन्यांत व प्रयोगशाळेतील तपासणी लागणारे पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सहा हजारांच्या बॅटरीसाठी सोलापूरला खेटे घालण्यापेक्षा लोक गप्प बसतात, ते यामुळेच. म्हणूनच वाद आयोगापर्यंत जाण्यापूर्वीचे गावपातळीवरील काम महत्त्वाचे ठरते.

ग्रामपंचायत किंवा माध्यमिक शाळा यांना त्यात थोड्या खर्चात भर घालता येईल. हायड्रोमीटर व मल्टिमीटर ही उपकरणे काही शे रुपयांत मिळतात. विज्ञानाच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा वापरून आणि ठिणगी व आग दूर ठेवून, वाहनाच्या बॅटरीचे सहा कप्पे मोजावेत व आकडे तारखेसह नोंदवहीत लिहावेत. ही नोंद कायद्यातील प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेऊ शकत नाही. परंतु 'नुसती उतरली आहे' असे सांगणाऱ्यापुढे सहा आकड्यांचा कागद ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो. तालुक्यातून अशा नोंदी व तक्रारी जमल्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेपुढे त्या एकत्रित मांडता येतील.

जुन्या बॅटरीचा प्रश्न याला जोडूनच येतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकानेही ती इतर कचऱ्यात न टाकता वेगळी द्यावयाची असते. हमीचा दावा फेटाळला गेला म्हणून रागाने ती फिरत्या भंगारवाल्याला दिली, तर दोन्हीकडून तोटा होतो. शिसे काढण्यासाठी ती उघड्यावर फोडली जाते व आम्ल ओढ्या-विहिरीच्या काठी ओतले जाते. आणि आयोगापुढे दाखविण्याचा मुख्य पुरावाही हातचा जातो. वाद मिटेपर्यंत ती बॅटरी, अनुक्रमांकासह, आहे तशी जपून ठेवावी.