जुन्या मोटारसायकलीचे मोल

जुनी वस्तू विकणाऱ्यास तिचे गुणदोष ठाऊक असतात; घेणाऱ्यास ते अनुमानाने जाणावे लागतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या विषमतेचे परिणाम विशद केले. चांगली व सदोष गाडी बाहेरून सारखीच दिसत असेल, तर ग्राहक दोहोंची मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीस चांगल्या गाडीचा मालक विकण्यास राजी होत नाही आणि बाजारात सदोष गाड्याच उरू लागतात. कित्येक महिन्यांच्या बचतीतून पहिली मोटारसायकल घेणाऱ्याने म्हणूनच भाव ठरविण्यापूर्वी स्वतःचे अज्ञान शक्य तितके कमी केले पाहिजे.

आरंभासाठी विम्याचे कोष्टक उपयोगी पडते. २००२ च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकात गाडीच्या वयानुसार घसारा दिलेला आहे : एक ते दोन वर्षांसाठी २० टक्के, दोन ते तीन वर्षांसाठी ३०, तीन ते चार वर्षांसाठी ४० आणि चार ते पाच वर्षांसाठी ५०. समजा, एखाद्या नमुन्याच्या नव्या गाडीची किंमत आज ८०,००० रुपये आहे व विकाऊ गाडी साडेतीन वर्षांची आहे. ४० टक्के वजा जाता ४८,००० रुपये उरतात. ही संख्या म्हणजे बाजारभाव नव्हे. ज्या गाडीस मागणी अधिक व जिचे सुटे भाग सर्वत्र मिळतात, तिला याहून अधिक दाम येतो. तेव्हा त्याच वयाच्या चार-पाच गाड्यांच्या किमती विचारून हा अंदाज ताडून पाहावा.

यानंतर प्रत्यक्ष गाडीची परीक्षा. इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे. तापलेल्या इंजिनात सुरू होण्यातील दोष झाकले जातात. धुराड्यातून सतत निळसर धूर येत असेल, तर इंजिन तेल जाळीत आहे असे समजावे. साखळीच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकलेले, पुढील दांड्यांतून तेल पाझरणारे किंवा हँडल सरळ धरूनही गाडी एका बाजूस ओढणारी असेल, तर प्रत्येक दोषाचा खर्च मेकॅनिककडून काढून घ्यावा. वरील उदाहरणात टायर व साखळी यांसाठी ७,००० आणि विम्यासाठी २,००० रुपये लागणार असतील, तर ३९,००० रुपयांपासून बोलणी करणे न्याय्य ठरेल. सांगाडाच वाकलेला असेल, तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा गाडी नाकारणेच हिताचे होय.

कागदपत्रांतील दोष मात्र पैशांत मोजता येत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन व सांगाड्याचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. कर्जाची नोंद असल्यास ती रद्द झालेली असावी. थकलेला दंडही पाहून घ्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये मालकी बदलाची सूचना उभय पक्षांनी मुदतीत देणे बंधनकारक आहे. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईचे दायित्व येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. त्यामुळे नाव बदलण्यात विक्रेत्याचेही हित आहे. तो या कामी टाळाटाळ करीत असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.