आधी तपासून तर घे, बयो

बयो, फोनवर तू दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. लेक चौथीत गेला तरी धड वाचत नाही. आणि धाकटा दीर कामावर जायचा बंद झालाय, खोलीचं दार लावून एकटाच बोलत बसतो. दोन्ही गोष्टींवरून घरात मात्र एकच वाद चाललाय, हे कुणामुळे झालं? पोराला तू लाडावलंस म्हणून, असं सासूबाईंचं म्हणणं. दिरावर भाऊबंदकीतल्या कुणीतरी करणी केली, असं शेजारणीचं. आणि तू रात्री जागून आपलीच चूक शोधत बसतेस. बयो, दोष कुणाचा ते ठरलं म्हणून कुणी बरं झालेलं मी पाहिलं नाही. काय होतंय ते जाणत्या माणसाकडून तपासून घे. वर्षभर या वादात गेलं, तेवढं पुरे.

आधी पोराचं बोलू. तू पाठवलेले वहीचे फोटो मी मोठे करून बघितले. ‘घर’चं ‘धर’ झालंय. ‘शाळा’मधला पहिला काना गेलाय. जोडाक्षर आलं की एक अक्षर गळतं, नाहीतर दोन्ही सुटी होतात. फळ्यावरची ओळ अर्धी उतरवलेली आणि पुढची भलतीकडून सुरू. गणितात ‘तेवीस’ ऐकून 32 लिहिलंय. बाईंनी त्यावर लाल रेघ मारून ‘लक्ष नाही’ असा शेरा दिलाय, पण त्यानं ऐकलं तसंच लिहिलंय गं. तेवीस म्हणताना तीन आधी येतात, वीस मागून. लिहिताना मात्र उलटं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ अशी वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! बाकीची मुलं ही उलटापालट सवयीनं सांभाळून घेतात, याला ती जमत नाहीये.

आणि हाच पोरगा तोंडी विचारलं की फडाफड उत्तरं देतो, हे तूच सांगितलंस. खोपोलीहून कर्जतला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्याला पाठ आहेत. लावणीच्या वेळी आजोबांबरोबर कुठल्या खाचरात आधी पाणी सोडायचं ते त्याला कळतं. म्हणून मला अध्ययन अक्षमतेची शंका येते, वाचनाची असेल तर तिला डिस्लेक्सिया म्हणतात. यात बुद्धी कमी नसते. आपण आवाज ऐकतो, त्याचं अक्षर ओळखतो, अक्षरं जोडून शब्द करतो. मेंदूत ही जुळणी सहज व्हायला हवी ती होत नाही, आणि प्रत्येक शब्द त्याला नव्यानं खणून काढावा लागतो. दोन ओळी वाचून तो जांभया देतो ना, तो आळस नाही, तो खरंच दमतो. हे बऱ्याचदा घराण्यात असतं. आईच्या लाडानं होत नाही, मोबाइलनं होत नाही आणि माराने जात नाही. पट्टी तेवढी आजपासून कपाटावर ठेव. मार खाल्लेलं मूल आधी वाचायचं सोडतं, मग शाळाच सोडतं. पनवेलच्या शाळेत अशी मुलं माझ्यासमोर बसतात. त्यांना वाचायला शिकवण्याआधी त्यांची भीती घालवण्यातच माझे महिने जातात.

पण मी फोटोवरून सांगतेय ती फक्त शंका, निदान नव्हे. निदानाला पायऱ्या आहेत. पहिले डोळे आणि कान. पोराला फळाच दिसत नसेल किंवा एका कानानं कमी ऐकू येत असेल, तर बाकी सगळी धावपळ फुकट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, पण त्याची वाट बघू नकोस. मग बालरोगतज्ज्ञ. त्यानंतर मानसतज्ज्ञ बुद्ध्यांकाची चाचणी घेतात आणि विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित वेगवेगळं तपासतात. मुलाशी खेळल्यासारखं बोलतात, ठोकळे जुळवायला देतात, गोष्ट वाचून घेतात, ऐकून लिहायला सांगतात. सुई नाही, मशीन नाही. त्याला जाताना ‘परीक्षा आहे’ असं सांगू नकोस. ‘तुला वाचताना काय अवघड जातं ते बघायचंय’ एवढं सांग. आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच याचं प्रमाणपत्र मिळतं, कारण त्याआधी बरीच मुलं अक्षरं उलटी लिहितात आणि पुढे आपोआप सुधारतात. तुझा आता नऊचा आहे, म्हणजे वेळ बरोबर आहे.

सुरुवात तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून कर. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तिथे असतात, रायगडमध्ये चाचणी आणि प्रमाणपत्र कुठे मिळेल ते तेच नीट सांगतील. मुंबईला जायची वेळ आलीच तर सायन, नायर, केईएम या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत यासाठी वेगळी केंद्रं आहेत.

आता तुझ्या नवऱ्याची अडचण. ‘सर्टिफिकेट काढलं की पोराच्या कपाळावर कायमचं लागलं,’ असं तो म्हणतो. त्याची भीती मी उडवून लावणार नाही, गावात बोलणारी तोंडं असतातच. पण त्या कागदानं काय मिळतं ते त्याला सांग. महाराष्ट्रानं 1996 पासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्यात: जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. ही मेहेरबानी नाही. डोळ्यांना चष्मा लागला तर आपण पोराला ‘चष्म्याशिवाय वाच’ म्हणतो का? आणि कागद नसला तरी शिक्का बसायचा राहत नाही, ‘ढ’ हा शिक्का त्याला वर्गात कधीच बसलाय. मला विचारशील तर तोच पुसायला हा कागद लागतो.

यावर गोळी नाही, टॉनिक नाही, बदामही नाहीत. बुद्धी वाढवायच्या बाटल्या विकायला कुणी आलं तर दारातूनच परत पाठव. यावर उपाय शिकवण्याचा आहे, तोही रोजचा आणि थोडाथोडा. वीस मिनिटं पुरतात. ताटात रवा पसरून त्यावर बोटानं अक्षर गिरवायचं आणि तोंडानं त्याचा आवाज काढायचा. ‘घ’ आणि ‘ध’ एकाच दिवशी घ्यायचे नाहीत. एक पक्का झाला की दुसरा. परिसर अभ्यास तू वाचून दाखव आणि त्याच्याकडून तोंडी घे, नाहीतर वाचता येत नाही म्हणून सगळेच विषय मागे पडतील. आणि इंग्रजी माध्यमात घालायचा बेत सध्या बाजूला ठेव. ज्याला आपल्या भाषेतली अक्षरं जुळवताना घाम फुटतो, त्याला घरात कुणी बोलत नाही अशा भाषेत टाकणं हे मला तरी पटत नाही. मूल जागेवर एक मिनिट बसतच नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग. अवधानाचा त्रास सोबत असू शकतो आणि त्यावर औषधं आहेत.

आता दिराचं. इथं मात्र घाई कर, बयो. पोराचा महिना इकडचा तिकडे चालेल, याचा चालणार नाही. पंचविशीचा मुलगा, कंपनीत पाळीवर जाणारा, तो झोपेनासा होतो, अंघोळ सोडतो, फोनमधून आपलं बोलणं कुणी ऐकतंय म्हणतो, तू वाढलेल्या ताटातला घास आधी कुत्र्याला घालून बघतो. त्याला तुझा संशय येतो याचं तुला वाईट वाटलं. वाटणारच. पण त्याला जे आवाज ऐकू येत असतील ते त्याच्यासाठी खरेच असतात, माझा आवाज तुला फोनवर येतो तितके खरे. ‘असं काही नाहीये’ म्हणून वाद घालू नकोस आणि ‘हो, मलाही ऐकू येतं’ असंही म्हणू नकोस. ‘तुम्हाला भीती वाटतेय, झोप नाही, आपण झोपेसाठी डॉक्टरांना विचारू,’ एवढंच म्हण. झोपेच्या नावानं बरीच माणसं दवाखान्याची पायरी चढतात, आणि झोप उडालीय हे खोटं नाहीच.

हा स्किझोफ्रेनिया आहे, नशापाण्याचा परिणाम आहे की थायरॉइडसारखं काही, हे मानसोपचारतज्ज्ञच बघून ठरवतील. ते रक्त तपासतील आणि घरच्यांना बारीकसारीक विचारतील. तुला ठाऊक असलेलं सगळं सांग, गांजाचा वास आला असेल तर तेही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात मेंदूतल्या रसायनांचा बिघाड असतो, घराण्यात असला तर शक्यता वाढते, ताण आणि नशा त्याला वर काढतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर झोप फार येऊ शकते, हात थरथरू शकतात, वजन वाढू शकतं. हे सगळं डॉक्टरांना सांगायचं, ते गोळी बदलतात. आपल्या मनानं बंद करायची नाही. बरं वाटायला लागलं की घरचे गोळी थांबवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हे फार घरांत होतं.

सासूबाईंना भगताकडे जायचंय तर त्यांच्याशी भांडू नकोस. त्या आई आहेत, घाबरल्यात. नारळ ठेवू दे, अंगारा लावू दे. पण तीन गोष्टींवर तू अडून बस: मार नाही, बांधणं नाही, उपास नाही. भूत उतरवण्याच्या नावानं कुणी साखळीनं बांधलं की मारलं, तर 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, हे घरातल्या पुरुषांच्या कानावर घालून ठेव. आणि गोळी एक दिवसही चुकू द्यायची नाही.

चुलतसासरे म्हणाले ना, ‘कर्जतला नेऊन ठेवा, तिथे वेड्यांना सांभाळतात’? तिथलं नीट ऐक. वेणगावला डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानींच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचं केंद्र आहे. 1988 पासून हे दांपत्य रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणतं, त्यांच्यावर उपचार करतं, आणि ते नाव-गाव सांगू लागले की त्यांना घरी पोचवतं, मग घर देशाच्या कुठल्याही टोकाला असो. याच कामासाठी डॉ. भरत यांना 2018 चा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला घर आहे त्याला सोडून यायची ती जागा नव्हे. तिथे येणारी कितीतरी माणसं एके काळी कुणाच्यातरी घरात अशीच खोलीत बसलेली असतील. उपचार मिळाले नाहीत आणि एक दिवस ती दार उघडून निघून गेली. आणि वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेली माणसं औषधानं घरी परततात, तर तुझ्या दिराला तर घर आहे, भाऊ आहे, वहिनी आहे. चुलतसासऱ्यांना हे असंच सांग.

कामोठ्याला एमजीएम मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, ते तुम्हाला जवळ पडेल. अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर 1901 पासून आहे. ते नाव ऐकून दचकू नकोस, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून औषधं घेऊन घरी येता येतं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर 14416 लाव. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. दीर मरायच्या गोष्टी करू लागला किंवा कुणाच्या अंगावर धावून गेला, तर मात्र फोनवर सल्ला विचारत बसू नकोस, त्याच रात्री गाडी करून रुग्णालय गाठ.

टेलिमानसच्या नंबरवर तू स्वतःसाठीही बोलू शकतेस. महिनाभर तुला पहाटे तीनला जाग येतेय आणि जेवण जात नाहीये, हे तू ओझरतं बोललीस. मी ते ओझरतं ऐकलेलं नाही.

या आठवड्यात एवढं कर. दिराचं आधी, नवरा सोबत असला तर उद्याच. आजार कधी सुरू झाला, झोप किती, आधी कुठली औषधं दिली, घराण्यात कुणाला काही होतं का, हे एका कागदावर लिहून ने. तिथे गेल्यावर ऐनवेळी आठवत नाही. पोराच्या पिशवीत पहिलीपासूनच्या जेवढ्या वह्या सापडतील तेवढ्या भर, प्रगतिपत्रकं भर. वह्या होत्या तशाच राहू देत. चुका खोडू नकोस, तुझ्या हातानं नीट करून आणू नकोस. तपासणाऱ्या बाईंना त्या चुकाच बघायच्या असतात. तारीख मिळाली की मला कळव, मी रजा टाकून येते.