मुंबईचे कॉलेज निवडताना : फी आणि फळ यांचा हिशेब



बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की गट ऑफिसात ऊस नोंदीबरोबर कॉलेजचीही चौकशी सुरू होते. "साहेब, पोराला माहीमला घालू का वडाळ्याला?" माहीमचे झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग (स्थापना २००५) आणि वडाळ्याचे विद्यालंकार इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (स्थापना १९९९) ही दोन्ही खाजगी विनाअनुदानित कॉलेजे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने अशा कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, पण खर्च पालकाच्या अंगावर आला. सबब, अमुकच कॉलेज घ्या असे आम्ही सांगणार नाही. हिशेब कसा मांडावा ते सांगतो.

(१) खर्च चार वर्षांचा धरा. प्रत्येक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. ती पाहून त्यात खोली, खानावळ व पासाचा खर्च मिळवा. समजा, एकाची फी वर्षाला १ लाख ४० हजार, दुसऱ्याची १ लाख ७० हजार. चार वर्षांत फरक १ लाख २० हजारांचा. पण पहिल्याजवळ खोलीला महिना ३ हजार जादा पडले, तर चार वर्षांत १ लाख ४४ हजार होतात. म्हणजे स्वस्त वाटलेले कॉलेज २४ हजारांनी महाग! माहीम व वडाळा रोड दोन्ही हार्बर मार्गावर आहेत. कॉलेजच्या दारातच खोली हवी असे नाही.

(२) प्रवेश कॅप फेरीतूनच घ्या. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पात्र मुलांना निम्मी सवलत मिळते. संस्था पातळीवरच्या जागेला ही सवलत नाही. झेवियर ही ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था असल्याने तेथील काही जागा त्या समाजासाठी असतात. उरलेल्या जागांचा मागील कटऑफ पाहावा.

(३) डोनेशन देऊ नका. १९८७ च्या कायद्याने ते बंद आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये आणि त्यासाठी जमीन तर मुळीच अडकवू नये.

(४) फळ सरासरीने मोजा. को ८६०३२ घ्यावा की फुले २६५, हे आपण एखाद्याच्या विक्रमी प्लॉटवरून ठरवत नाही. आपल्या रानात काय उतरेल ते बघतो. कॉलेजच्या जाहिरातीतला सर्वांत मोठा पगार हा तसाच विक्रमी प्लॉट. ६० मुलांच्या वर्गात तिसाव्या मुलाला किती पगार मिळाला, ते विचारा. "शेकडा ९० जणांना नोकरी" म्हणजे नाव नोंदवलेल्यांपैकी की सगळ्या वर्गापैकी? के.टी. न लागता चार वर्षांत किती मुले पास झाली? ज्या शाखेला प्रवेश घ्यायचा, तिला एनबीए मानांकन आहे का? ही उत्तरे शेवटच्या वर्षाच्या मुलांकडूनही घ्या.

आता कागदावर दोन रकाने आखा. एकात सवलत वजा जाता चार वर्षांचा खर्च, दुसऱ्यात मधल्या मुलाचा पगार. दोन्ही कॉलेजे सारखीच उतरली, तर कमी कर्जाचे घ्या. कर्जाचा हप्ता पोराच्या पगारातून फिटावा, ऊसबिलातून नव्हे. उत्पन्नाचा व जातीचा दाखला मात्र निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवावा.