काफिया काय करतो?

दिग्रस, जि. यवतमाळ

चि. भाचीबाईंस मामाचे अनेक आशीर्वाद.

भाचीबाईंचा निबंध पोचला. सुरेश भटांच्या ‘केव्हा तरी पहाटे’चं वृत्त आनंदकंद, हे बरोबर. ओळीत २४ मात्रा, १२ मात्रांनंतर यती, हेही बरोबर. पण निबंध तिथेच आटोपला, आणि खरी गंमत तर पुढेच आहे.

आनंदकंदाची लगावली, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम, ‘गागालगा लगागा’ दोनदा. गझलेचं नाव उच्चारलं की अर्धी ओळ होते. उरलेल्या अर्ध्यात, काफियाच्या म्हणजे यमकाच्या जागी, भट मात्रावृत्ताची सवलत घेतात: पहिल्या गुरूऐवजी दोन लघू. उलटून, हरवून, निसटून, उचलून, सुचवून. यती संपताच जीभ दोन ऱ्हस्व अक्षरांवरून सरकते आणि पुढच्या दीर्घावर रेंगाळते. हृदयनाथ मंगेशकरांची चाल नि आशा भोसले यांचा आवाज मागाहून आला. लय शब्दांतच होती.

यावर एखादा जाणकार नाक मुरडेल. ‘ऊन’ हा नुसता प्रत्यय, कुठल्याही धातूला चिकटतो. यात यमकाची करामत ती काय?

आक्षेप खोटा नाही. मात्र प्रत्येक शेराच्या शेवटी येणारा ‘रात गेली’ हा रदीफ जागचा हलत नाही आणि क्रियापद बदललं की रात्रीचं वागणं पालटतं. एका शेरात ती हातून निसटते, दुसऱ्यात ताऱ्यांसकट आकाश उचलते. आणि जिथे बोलणाऱ्याला स्वतःचीच गाणी आठवेनाशी होतात, तिथे शेवटची ओळ तीच सुचवते. प्रेमाच्या गझलेत गाणं येतं ते असं, काफियाच्या वाटेनं.

भट १९३२ साली शेजारच्या अमरावतीत जन्मले. पण भाचीबाई राहतात यवतमाळात, म्हणजे भाऊसाहेब पाटणकरांच्या गावात. वकिली आणि शिकार करणाऱ्या या माणसानं मराठी शायरीच्या मैफली गाजवल्या. मुशायऱ्यात शेराची पहिली ओळ पुन्हा म्हणतात, ती ऐकणाऱ्याला काफियाची वाट बघायला लावण्यासाठी. भाचीबाईंनीही तसंच करावं: पहिली ओळ दोनदा मोठ्यानं म्हणावी, दुसरीत काफियाच्या आधी थांबावं आणि तिथे कोणतं क्रियापद येईल याचा अंदाज वहीत लिहावा. भटांचा शब्द त्या अंदाजाहून कुठे वेगळा पडला, तेच निबंधात मांडावं.

सोबत भटांची ‘गझलेची बाराखडी’ वाचावी. मात्रांचा तक्ता एका परिच्छेदात उरकावा, उरलेली पानं काफियांना द्यावीत. दुसरा खर्डा दिवाळीआधी यावा.

ताईस नमस्कार.

— मामा